लाल नळाचं पाणी

माझ्या काकांनी आयुष्यात एकदाच पिण्याच्या थंडगार पाण्याने आंघोळ केली, आणि ती माझ्यामुळे केली.

इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षानंतर मी पुण्याहून बहरीनला तीन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी गेलो होतो. विषय होता पाइपिंग. (हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.) कंपनीने सनाबिसमध्ये खोली दिली होती, पण तिथे आधीच चौघे राहत होते आणि पाचव्याची गादी गॅसच्या सिलिंडरला टेकलेली होती. सुदैवाने उम्म अल हस्समला माझी सख्खी मावशी राहत होती. तो आपल्या घरीच राहील, असं तिने आईला फोनवर परस्पर सांगूनही टाकलं. तिचे यजमान, म्हणजे काका, मात्र बँकेत साहेब. समोर आलेला अर्ज लगेच मंजूर करणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"शुक्रवारपर्यंत बघू," ते म्हणाले.

म्हणजे माझ्या हाती पाच दिवस होते. एकीकडे मावशीच्या हातचं वरण-भात-तूप, दुसरीकडे सिलिंडर. मी चादरीची घडी घालू लागलो, ताट विसळू लागलो, एकदा तर काकांच्या चपला जोडीने लावून ठेवल्या. आईने हे पाहिलं असतं तर डॉक्टरला बोलावलं असतं.

महिना जुलैचा. पहिल्या दिवशी न्हाणीघरात निळ्या टोपीचा नळ सोडला, तर त्यातून अंडी उकडावीत असं पाणी आलं. लाल टोपीचा सोडला, तर गार. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. माझ्यातला इंजिनियर खडबडून जागा झाला. प्लंबरने टोप्या उलट्या बसवल्या होत्या! आणि ही साधी माणसं सतरा वर्षं मुकाट्याने तशीच आंघोळ करत होती. मला त्यांची फार दया आली.

शुक्रवारी सुट्टी. मावशी आणि काका सकाळीच मनामाच्या बाजारात भाजी आणायला गेले. मी स्क्रूड्रायव्हर शोधला आणि पाच मिनिटांत लाल टोपी निळीच्या जागी आणि निळी लालच्या जागी बसवली. निळ्यातून गार, लालमधून गरम, जगात असतं तसं. आपण होऊन काही सांगायचं नाही असं ठरवलं. काकांच्याच लक्षात येईल, जेवताना ते विचारतील, मी संकोचून मान खाली घालीन, आणि माझा अर्ज मंजूर होईल.

काका घामाने निथळत आले आणि तडक आंघोळीला गेले. चष्मा काढला की त्यांना फक्त रंग दिसतात. बादलीत सकाळचं थोडं पाणी होतं, ते अंगावर घेऊन त्यांनी नखशिखांत साबण लावला. मग बादली भरायला लाल नळ सोडला, आणि पाणी आधी पायावर पडलं.

"अगं, गीझर कुणी चालू केला?"

मला प्रश्नच कळला नाही. लाल नळाला गरम पाणी आलं तर त्यात ओरडण्यासारखं काय? पण मावशी स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने दाराबाहेरचं गीझरचं बटण खटकन दाबलं. त्या बटणाचा दिवा केव्हाच गेलेला होता. त्यामुळे गीझर मुळात बंदच होता आणि तिने तो आत्ता चालू केला, हे तिला कळलं नाही. मला तर काहीच कळलं नाही.

पाणी निवेल म्हणून काका आत साबणात उभे राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ते मधूनमधून लाल नळाला बोट लावून बघत आणि देवाचं नाव घेत. पंधराव्या मिनिटाला मला राहवेना. मी दाराशी जाऊन सांगितलं, "काका, निळा सोडा. तो गार आहे."

"निळा? गार?"

"मी स्वतः बघितलंय."

माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी निळा सोडला. एव्हाना गीझर छान तापला होता. त्यानंतर आतून जे ऐकू आलं त्यात मराठी होतं, हिंदी होतं आणि बँकेत कधी न वापरलेलं बरंचसं अरबीही होतं.

शेवटी मावशीने पिण्याच्या पाण्याच्या कूलरमधून तांब्या-तांब्या पाणी दाराच्या फटीतून आत द्यायला सुरुवात केली. कूलर ऐन उन्हाळ्याच्या हिशोबाने लावलेला. काका बाहेर आले तेव्हा त्यांचे दात वाजत होते. जुलै महिन्यात बहरीनमध्ये शाल पांघरून बसलेला माणूस मी तेवढा एकच पाहिला.

मी सगळं कबूल केलं. भीतीपेक्षा लाजच जास्त वाटत होती. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग समजावून सांगितलं. इथे उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी तापते, म्हणून गार पाण्याच्या नळाला कढत पाणी येतं. गीझर घरात सावलीला असतो. तो बंद ठेवला की त्यातलं पाणी निवतं, आणि तेच आंघोळीला घेतात. उन्हाळाभर सगळ्या देशात असंच चालतं. हे कुणाला सांगावं लागेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"आणि तू पाइपिंग शिकतोस?"

मी मान खाली घातली. (एवढं एक मात्र ठरवल्याप्रमाणे झालं.) मग हळूच म्हणालो, "बॅग भरू का?"

काकांनी शाल आणखी घट्ट ओढून घेतली. "नको. तिथे चौघं राहतात. त्यांच्याकडे कूलर आहे की नाही, माहीत नाही. तू इथेच राहा, नजरेसमोर. खलास."

मी तीन महिने वरण-भात खाल्ला. निघताना कंपनीने मला 'पाइपिंगची उत्तम जाण' असं लिहिलेलं प्रमाणपत्र दिलं. काकांनी त्याची झेरॉक्स मागून घेतली तेव्हा मला गहिवरून आलं. ती आता गीझरच्या बटणाशेजारी चिकटवलेली आहे. भारतातून कुणी पाहुणा आला, की काका त्याला आधी ती वाचायला लावतात आणि मगच टॉवेल देतात.