डायनामोला दाखवलेली ठिणगी

आमच्या ट्रॅक्टरला सकाळी जाग यायची ती चार माणसांच्या खांद्यांनी. मी जन्मण्याच्या कितीतरी आधीचा तो ट्रॅक्टर. निळा रंग उन्हाने पिठूर झालेला. बॉनेटवर हात ठेवला की तळव्याला खडूसारखी पूड लागायची. नव्वदच्या दशकाची मधली वर्षे होती ती. मी रोज एसटीने बारामतीला जाऊन मराठी घेऊन एम.ए. करत होते. माझे वडील, आप्पा, भवानीनगरला साखर कारखान्यात पाळीवर असत. त्यामुळे शेत आणि ट्रॅक्टर दोन्ही आईच्या हाती होती. ट्रॅक्टर चालवायला तिला आप्पांनीच शिकवले होते, आणि आता ती त्यांच्याहून सरळ तास पाडायची.

अडचण एकच होती. बॅटरी चार्ज होत नव्हती, म्हणून बटणावर इंजिन सुरू करणारा सेल्फ फिरत नव्हता. आई रोज बुद्धविहारासमोरच्या उतारावर ट्रॅक्टर उभा करायची आणि सकाळी ढकलणारे मिळेपर्यंत स्टिअरिंग धरून बसून राहायची.

“वैनी, आज उशीर केला? आमी कवाधरनं खांदं चोळत बसलोय,” पारावरून कुणीतरी म्हणायचे.

“नांगर तुमचा, पन किल्ली आमच्या खांद्यात हाय बरं का!” दुसरा टोला हाणायचा.

आई त्यांच्यासोबत हसायची. मला मात्र ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती, “मला नुसतं बटण दाबून निघायचंय गं. कुनाला हाक न मारता.” त्या वाक्यातली तहान मला तव्यावरच्या वाफेसारखी चेहऱ्यावर जाणवली होती.

तोडलेल्या उसाच्या खोडव्याचे रान नांगरायला आले, तेव्हा आप्पांचे चुलते, आमचे तात्या, पुढे झाले. इंजिनाबरोबर फिरून बॅटरी भरतो तो डायनामोच जळला आहे, असे त्यांचे निदान होते. त्यांनी तो बारामतीला नेऊन, जळकी तार बदलून, नव्याने भरून आणला. गोणपाटात गुंडाळून, मांडीवर लेकरू घ्यावे तसा एसटीतून आणला. त्याला ताज्या व्हार्निशचा गोडसर, डोक्यात चढणारा वास होता, आणि फटीतून आतली तांब्याची तार खजुराच्या रंगाने चमकत होती.

“कारागिरानं बजावून सांगितलंय,” तात्या म्हणाले, “बसवल्यावर ठिणगी दाखवा.”

डायनामो बसला. तात्यांनी चपला काढल्या, विहारातून दोन उदबत्त्या आणल्या आणि मोठ्या गांभीर्याने त्याच्यापुढे ओवाळल्या. उदबत्तीच्या टोकावर खरेच इवलीशी लाल ठिणगी होती. मग चौघांनी ढकलले, इंजिन धडधडले, आणि सगळे चार्जिंगच्या मीटरकडे वाकले. काटा डावीकडे, उण्याच्या बाजूला, रुसल्यासारखा पडून होता.

“आनखी दोन लावू का?” तात्यांनी विचारले.

“लावा तात्या. डास तरी जातील.”

आई हे हसत म्हणाली, पण इंजिन बंद करताना तिचा हात जड झालेला मी पाहिला.

दुसऱ्या दिवशी तासाला बसले तरी ‘दाखवणे’ हे क्रियापद माझ्या कानातून जाईना. आपण नैवेद्य दाखवतो, धाक दाखवतो, वाट दाखवतो. ठिणगी दाखवायची म्हणजे यांतले काय करायचे? कॉलेज सुटल्यावर मी त्या कारागिराच्या दुकानात गेले. उदबत्तीची हकिगत ऐकून त्याला हातातला चहा खाली ठेवावा लागला.

“अहो ताई, बॅटरीची वायर! नवा भरला की डायनामो दिशा विसरतो. करंट कुठल्या अंगानं द्यायचा, ते बॅटरीनं त्याला एकदा दाखवायला लागतं. वायर नुसती टेकवायची न् उचलायची. चिमणीनं दाणा टिपावा, तेवढंच.”

म्हणजे ती वाट दाखवणेच होते. त्याने दुसऱ्या डायनामोवर बोट ठेवून वायर टेकवायची जागा दाखवली. चार्जिंग कमीजास्त करायचा स्क्रू कटआउट नावाच्या डबीत कुठे असतो, तेही समजावले. गावी परतेपर्यंत मी एसटीत ते सगळे पुटपुटत होते.

रविवारी आईने वायर टेकवली. टच्. निळसर ठिणगी उडाली आणि हवेत तापल्या नाण्याचा वास पसरला. चौघांनी ढकलले, इंजिन सुरू झाले. आणि काटा उठला! शून्य ओलांडून थरथरत उभा राहिला. आता डबीतला स्क्रू. आई पेचकस घेऊन इंजिनावर वाकली, मी सीटवर बसून मीटरकडे पाहू लागले. धडधडाटात दोघींनाही ओरडावे लागत होते.

“काय म्हनतोय काटा?”

“थरथरतोय! गवतावरच्या दवासारखा...”

“दव ऱ्हाऊ दे! हालला का न्हाय?”

“उजवीकडे कललाय, पण लाजतोय!”

“लाजू दे न्हायतर नाचू दे, आकडा सांग, आकडा!”

“पाच! ... आठ! ... आई, वीस! फार झालं!”

तिने स्क्रू केसभर मागे घेतला. काटा दहावर येऊन असा निवांत टेकला, की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मी वाजवल्याही.

मग आईने दिवसभर खोडव्याचे रान नांगरले. फाळाखालून काळी ढेकळे ओलसर, थंड वासासह उलटत होती, आणि वारा फिरला की कारखान्याकडून मळीचा आंबूस गोडवा येत होता. दिवस कलताना ती परतली. उतारावर न जाता तिने ट्रॅक्टर घरापुढच्या सपाट अंगणात आणला आणि बंद केला. एकाएकी इतकी शांतता झाली, की तापलेल्या लोखंडाची टिकटिक ऐकू येऊ लागली.

“वैनी, सपाटीवर का बंद केला? उद्या खांदं निखळत्यात आमचं!” पारावरची मंडळी गोळा झाली.

आई खाली उतरली नाही. तिने बटण दाबले. ट्रॅक्टरच्या पोटात कुणीतरी खाकरावे तसा आवाज आला, आणि दुसऱ्याच क्षणी इंजिन धडाडून बोलू लागले. कुणी शिट्टी मारली. आईने इंजिन बंद केले. पुन्हा बटण दाबले. पुन्हा सुरू! पुन्हा बंद. पदराचे टोक दातांत धरून ती अशी हसत होती, की मला ती माझ्याहून लहान वाटली.

तात्या दोन्ही हात हलवत धावले. “सूनबाई, बास की! बॅटरी उतरंल!”

“उतरू द्या तात्या,” आई वरून म्हणाली, “आता चढतीया!”

आणि तिने पुन्हा बटण दाबले.