बदलीवरचा सांता

‘दाढी घट्ट बांधा, पास्टर. गेल्या वर्षी दानियलची टोमॅटो सूपमध्ये पडली होती.’

मॅनेजर राऊतसाहेब मागून नाडी आवळत होते. नाताळचा दिवस, मोहर्लीच्या वाघांच्या जंगलाजवळचं एक रिसॉर्ट. अंगात लाल कोट, पोटाला बांधलेली उशी, आणि त्या सगळ्याच्या आत घामाघूम झालेला मी, त्या भागातला एकमेव दीक्षित पाळक. दीक्षित हे माझं आडनाव नव्हे. आमच्यात बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन देण्याचा अधिकार ज्याला मिळालेला असतो, त्याला दीक्षित म्हणतात. तो अधिकार त्या वेळी उशीखाली दबलेला होता.

झालं होतं असं. दानियल या रिसॉर्टचा माळी. दर नाताळला सांता तोच, कारण अख्ख्या स्टाफमध्ये ख्रिस्ती तो एकटा. ‘तुझाच तर सण आहे,’ असं म्हणून त्याला उभं करत. सण त्याचा, सुट्टी पाहुण्यांची. मोठ्या मुलाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा हा इथे चॉकलेटं वाटत होता. यंदा नाताळच्या उपासनेत धाकटीचा बाप्तिस्मा ठरला होता. ‘या खेपेस पोरीले मीच धरीन जी,’ एवढंच त्याचं म्हणणं. त्याची सासू रूथबाई त्यासाठी सिरोंच्याहून आली होती आणि नाताळच्या दुसऱ्याच दिवशी परत जाणार होती.

मी नगरकडचा. न्याय या विषयावर मी बरा बोलतो, असं माझं मत आहे. तडक राऊतसाहेबांच्या ऑफिसात गेलो.

‘पास्टर, रिसॉर्ट फुल्ल आहे,’ ते म्हणाले. ‘वाघ दिसणं माझ्या हातात नाही. सांता दिसणं आहे. दानियलला सोडतो, पण बदली माणूस द्या.’

‘माणसाला त्याच्या सणाला सुट्टी देणं ही मेहरबानी नाही, त्याचा हक्क आहे!’ मी टेबलावर हात आपटला. त्यांचा चहा सांडला.

‘मान्य. बदली कोण?’

‘मी!’

असं दणदणीत वाक्य मला व्यासपीठावरून कधी जमलं नव्हतं. तरंगतच दानियलच्या घरी गेलो. त्याने माझे दोन्ही हात धरले. बायकोने डोळ्यांना पदर लावला. रूथबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

‘बाप सुटला, चांगलं झालं जी. मंग बाप्तिस्मा कोन देनार?’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अंगणातली कोंबडीसुद्धा माझ्याकडे बघत होती.

परत रिसॉर्टवर धावलो. ‘सांता संध्याकाळी करू.’

‘जमणार नाही. सकाळची सफारी आटोपल्यावर आणि दुपारची निघायच्या आधी, तेवढ्यातच पाहुणे हाती लागतात. तुम्ही नाही, तर दानियल.’

गंमत अशी की आमची उपासनाही त्याच मधल्या वेळात, कारण अर्धी मंडळी जिप्सी चालवणारी, नाहीतर गाइड. दुपारच्या सफारीहून ती परतेपर्यंत अंधार पडतो, आणि अंधारात वाघाच्या वाटेने लेकरं घेऊन चर्चला कुणी येत नाही. मग मी मंगळवार सुचवला. त्या दिवशी सफारी बंद असते.

‘मंगळवारी मी सिरोंच्यात राहीन,’ रूथबाई म्हणाल्या. ‘घरी बकऱ्या हायेत. त्यायले काय सांगू, सांता येत नाई म्हनून थांबा?’

तर असा मी हरलेला सांता लॉनवर चॉकलेटं वाटत होतो. मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ तिकडे चर्चमध्ये गाणी म्हणून वेळ निभावणार होते, आणि बाप्तिस्मा राहणार होता. एका पोराने विचारलं, ‘सांता, तू वाघ पाहिलास?’ मी खरं सांगितलं, ‘नाही.’ त्याच्या लेखी मी तिथेच संपलो.

इतक्यात गेटवर ढोलक वाजली. दोन जिप्सी आत आल्या. त्यांत माझी अख्खी मंडळी, नव्या कपड्यांत, गात. पुढे रूथबाई, मागे लेकीला घेतलेला दानियल.

‘हे काय चाललंय?’ राऊतसाहेब धावले.

रूथबाई त्यांच्याशी बोलल्याच नाहीत. माझ्याकडे वळल्या. ‘मागच्या रविवारी तुमीच सांगतलं न, पास्टरभाऊ? पयल्या नाताळाले मेंढपाळ ड्यूटीवर होते. देवदूतानं त्यायले सुट्टी टाकून या म्हनलं काय? तोच गेला न तिथी! आता दाढी काढा. पोरगी भेऊन राह्यली.’

दाढी काढली. कोट काढता येईना, आत नुसतं बनियन होतं. एका वेटरने सॅलडचा काचेचा बाउल धुऊन त्यात पाणी आणलं. दानियलने मुलीला दोन्ही हातांवर धरलं. मी नाव विचारलं.

‘आशा,’ तो म्हणाला, आणि तिचं डोकं बाउलकडे कलतं केलं.

मी तिच्या डोक्यावर तीनदा पाणी घातलं. ती कडाडून रडली. पाहुणे हातातल्या प्लेटा ठेवून उभे राहिले. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं, त्याला बाकीच्यांनी गप्प केलं. आमच्या बिशपांना या प्रकारातलं कोटाचं तेवढं ठाऊक नाही.

मग पाहुण्यांनीच मंडळीला जेवायला बसवलं. जेवणं आटोपल्यावर राऊतसाहेब सवयीने म्हणाले, ‘दानियल, आलाच आहेस तर त्या खुर्च्या आत घे.’

दानियल लेकीला मांडीवर घेऊन लॉनवर बसला होता. उठला नाही.

‘आज माही सुट्टी हाय, साहेब.’

राऊतसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. मी दाढी खिशात कोंबली आणि खुर्च्या उचलायला लागलो. दुसऱ्याच्या हक्कासाठी टेबल जरूर आपटावं, पण त्या दिवशी आपली स्वतःची ड्यूटी कुठे आहे, ते आधी आठवून बघावं.