खांद्यावर एडका

त्या वर्षी बजाजनगरात नळाला सहाव्या दिवशी पाणी यायचं आणि मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. दोन्हींमुळं माझं डोकं कायम तापलेलं असायचं. कॉलेज उस्मानपुऱ्याकडं आणि खोली इकडं बजाजनगरात, कारण खोली पिशोरच्या मावशींची होती. पिशोर आमच्या गावाला लागूनच. मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. त्यांचं घराणं मेंढरं राखणारं, आणि आम्ही पणजोबांपासूनचे ख्रिस्ती. पण माझ्या आईनं त्यांना एकदा पिशोरच्या बाजारात सांगितलं होतं, "पोरगं शहरात एकटं हाय, जरा लक्ष असू द्या." मावशींनी ते फारच मनावर घेतलं. मी जेवलो का, रविवारी उपासनेला गेलो का घोरत पडलो, सगळी खबर आईपर्यंत पोचायची. मावशींचा नवरा वाळूजला कंपनीत शिफ्ट करायचा, त्यामुळं घरात तपासणी करायला माणूस म्हणून मीच उरायचो.

दुष्काळ वाढला तसे गावाकडून मावशींचे वडील आले. एकटे नाही, चौदा मेंढ्या घेऊन. तिकडं विहिरी आटल्या होत्या, चारा नव्हता. कळप मोठा होता, पण आता एवढ्याच उरल्या होत्या. आमच्या घरामागं तीन-चार प्लॉट रिकामे पडलेले, नुसत्या खुणेच्या दगडांचे. तिथं बाबांनी मेंढ्या बसवल्या, बरोबर माझ्या खिडकीखाली. टँकर आला की बाबा दोन बादल्या घेऊन रांगेत उभे राहायचे. बाया ओरडायच्या, "इथं माणसाला नाय अन् मेंढराला कुठून?" बाबा आपले नंबर आला की बादल्या पुढं करायचे.

मला मात्र त्या मेंढ्यांचा भयंकर राग यायचा. वास, माशा, आणि पहाटेपासून बें बें. मी मावशींना दोनदा सांगितलं, "बाबांना म्हणावं, मेंढ्या थोड्या पलीकडं बसवा. मला बायबलचा अभ्यास होत नाही."

त्या अभ्यासाचं असं होतं. दर शनिवारी संध्याकाळी सहाला उस्मानपुऱ्यात दादांच्या घरी आम्ही दहा-बारा कॉलेजची पोरं-पोरी जमायचो. दादा पस्तिशीचे, बिनलग्नाचे, कंपनीत माल तपासायच्या खात्यात. तिथं नटबोल्ट तपासायचे तसंच शनिवारी आमचा विश्वास तपासायचे. दर वेळी एकानं पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी वह्यांत लिहून घ्यायचं आणि शेवटी दादा एकच प्रश्न विचारणार. त्या एका प्रश्नात भलेभले आडवे झाले होते. मागच्या शनिवारी लॉ कॉलेजच्या एका पोरानं पाठ घेतला आणि दादांच्या प्रश्नाला असं काही उत्तर दिलं की पोरींनी तेसुद्धा लिहून घेतलं. मी ते पाहिलं होतं आणि मला ते सहन झालं नव्हतं. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेत तरुणांच्या वतीनं कुणी बोलायचं ते दादा ठरवणार होते. आता तो तरी, नाहीतर मी. आणि मला पाठ मिळाला होता हरवलेल्या मेंढराचा दाखला.

म्हटलं, जिंकलो! शंभरातलं एक मेंढरू हरवतं, मेंढपाळ बाकीची सोडून त्याला शोधायला जातो आणि सापडल्यावर खांद्यावर घेऊन आनंदानं घरी येतो. लहानपणापासून आमच्या घरातल्या कॅलेंडरवर हेच चित्र. मी आठवडाभर खपलो. चार रंगांची पेनं आणली. 'उत्तम मेंढपाळाची सात लक्षणं' असा मथळा लाल शाईनं लिहून खाली दोन रेघा मारल्या. आणि हे सगळं खिडकी गच्च लावून, कारण बाहेर मेंढ्या ओरडत होत्या.

शनिवार उजाडला. अकराच्या सुमाराला मी सहाव्या लक्षणावर होतो आणि दारावर टकटक झाली. बाबा उभे. डोक्याला पटका, हातात काठी.

"पोरा, एक मेंढी दिसना. गाभण हाय. पहाटं व्हती, आता नाय. मला बाकीची सोडून लांब जाता येईना, कुत्री लई हायेत. तुझी सायकल हाय, तर जरा रोडाकडं बघून येतो का?"

मी काय म्हणालो ते आजही जसंच्या तसं आठवतं आणि आजही कानशिलं गरम होतात. मी म्हणालो, "बाबा, आज अजिबात वेळ नाही. मला संध्याकाळी हरवलेल्या मेंढरावर बोलायचंय."

बाबांचा चेहरा एकदम उजळला. "व्हय? तुमचं बी हरवलंय? कुणाचं?"

"कुणाचं नाही. पुस्तकातलं."

"बरं बरं," बाबा अगदी मनापासून म्हणाले. "मग आधी ते बघ. आमचं काय, बघतो मी." आणि गेले. टोमणा नव्हता हो त्यात. टोमणा असता तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

दार लावून बसलो. सातवं लक्षण लिहिलं: मेंढपाळ विलंब न करता निघतो. लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं. पाच मिनिटं त्या ओळीकडं बघत होतो. मग इतका संताप आला, स्वतःचा, बाबांचा, त्या मेंढीचा, चार रंगांच्या पेनांचा, की वही फेकली, सायकल काढली आणि निघालो. संध्याकाळसाठी इस्त्री केलेला पांढरा शर्ट तेवढा अंगात होता, तो बदलायचंही सुचलं नाही.

एक गोष्ट विचारायची राहिली: मेंढी दिसायला कशी? परत जाऊन विचारायला तोंड नव्हतं. म्हटलं, त्यात काय विचारायचं, मेंढीसारखी मेंढी असणार.

उन्हानं डांबर मऊ पडलेलं. कंपन्यांच्या भिंती सगळ्या एकसारख्या, एका भिंतीला वळसा घातला की पुढं तीच भिंत. ज्याला विचारावं तो छातीठोकपणे हात दाखवायचा, आणि प्रत्येकाचा हात वेगळीकडं. दोन तास हिंडलो. तहानेनं जीभ टाळूला चिकटली. मनातल्या मनात प्रार्थना चालली होती, पण खरं सांगायचं तर त्या प्रार्थनेत मेंढी कमी आणि ईस्टरची उपासना जास्त होती.

आणि दिसली! एका कंपनीच्या मागच्या भिंतीला पाइपातून सांडपाणी झिरपत होतं, तिथं हिरवं गवत, आणि गवतात एकटी काळी मेंढी. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी मोठ्यानं "देवा, तुझे उपकार!" म्हणालो. सायकल भिंतीला लावली.

आता मेंढी न्यायची कशी? मेंढरं राखणारा माणूस दोन शब्द तोंडानं काढतो आणि मेंढरू मागं येतं, हे मला काय ठाऊक! मला कॅलेंडर ठाऊक. खाली बसलो, तिच्या पोटाखाली मान घातली, पुढचे दोन पाय एका हातात, मागचे दोन दुसऱ्या हातात, आणि उठलो. तिसऱ्या झटक्याला उठलो. आईगं! सिमेंटचं पोतं परवडलं. कॅलेंडरातला मेंढपाळ हसत असतो. माझे डोळे बाहेर आले होते. बाराव्या पावलाला पाठीवर काहीतरी गरम वाटलं. शर्टातून ते ओघळत पँटीपर्यंत आलं, तेव्हा काय ते कळलं. तरी सोडली नाही. म्हटलं, गाभण आहे बिचारी, घाबरली असेल.

रस्त्यावर आलो आणि मागून बाईमाणसाचा आवाज: "धरा! धरा त्याला! चोर!"

मीपण वळून बघायला लागलो, चोर कुठाय म्हणून. तोवर माणसांनी मलाच घेरलं. शिफ्ट सुटायची वेळ, गर्दीला काय तोटा! कुणी माझी कॉलर धरली, कुणी मेंढीचा पाय ओढला. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "अहो, धक्का देऊ नका! गाभण आहे ती!"

तेवढ्यात कंपनीच्या गेटवरचा वॉचमन पुढं आला. त्यानं वाकून माझ्या खांद्यावरच्या ऐवजाकडं नीट पाहिलं आणि सावकाश सरळ झाला. "अबे मियाँ," तो गर्दीला म्हणाला, "एडके कू गाभन बोल रा ये!"

त्यानंतर जे हसू फुटलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. एक माणूस हसता हसता रस्त्यात खाली बसला. मी एडका खाली ठेवला. खरोखरच एडका होता, आणि ते बघायला शिक्षणाची गरज नव्हती.

एडका गेटसमोर चहाची गाडी लावणाऱ्या बाईंचा होता. लेकरासारखा वाढवलेला, रोज त्या गवतात मोकळा सोडायच्या. बाई धिप्पाड होत्या आणि संतापल्या होत्या. त्यांनी भिंतीकडची माझी सायकल आणवून गाडीला साखळीनं बांधली आणि मला बाकावर बसवलं.

"कुठला रं तू? काय शिकतो?"

"कॉलेजात आहे. आज संध्याकाळी बायबलचा पाठ घ्यायचाय."

"त्यात मेंढरं चोराया सांगितलंय का?"

"नाही हो. शोधायला सांगितलंय."

"तुझीच शोध की मग, लोकाची कशाला शोधतो?" असं म्हणून त्यांनी माझ्या पुढ्यात चहा आपटला. "पी. चोर झाला म्हणून काय उपाशी ठेवू का?"

पोलिसांना बोलवायचं का, यावर गर्दीत दोन तट पडले. मी मावशींच्या घराचा पत्ता सांगितला. तिकडंच राहणारा एक कामगार म्हणाला, निरोप देतो. मग मी बसून राहिलो. येणारा-जाणारा मला बघायचा आणि वॉचमन न कंटाळता प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचा. मला रडू येत होतं. पोलीस, कॉलेज, आई, सगळं डोळ्यांपुढून जात होतं. लॉ कॉलेजवाला तर सारखाच जात होता.

चार वाजता बाबा आले. चालत, त्या उन्हात, काठी टेकत. घामानं पटका भिजलेला. मला बघितलं, माझ्या शर्टाकडं बघितलं आणि सरळ बाईंपुढं जाऊन हात जोडले.

"ह्यो आमचा हाय. सोडा त्याला."

"तुमचा कोण? नातू?"

"आमचा हाय," बाबा परत म्हणाले. "मेंढरातलं काय बी कळत नाय त्याला. पण चोर नाय. माझ्यासाठीच निघाला व्हता." मग एडक्याजवळ बसले, त्याचा एक खूर हातात घेऊन म्हणाले, "ह्याचं खूर वाढल्यात बाई, लंगडंल. कात्री हाय का?" त्यांनी चारही खूर कापून दिले. बाईंनी सायकलीची साखळी सोडली आणि बाबांना चहा दिला, आलं घालून. मला दिलेल्या चहात आलं नव्हतं.

"बाबा, तुमची मेंढी?" मी निघताना कसंबसं विचारलं.

"ती व्हय? आली की बाराच्या टायमाला. टँकर गळत व्हता पलीकडच्या गल्लीत, तिथं पाणी पीत बसली व्हती. तवापासून तूच दिसंना."

हायवे आला तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं. ट्रक सुसाट चाललेले. मी वीस वर्षांचा, एका हातात सायकल, दुसरं मनगट म्हाताऱ्याच्या मुठीत. रस्ता ओलांडून झाला तरी त्यांनी ते सोडलं नाही आणि मीही सोडवून घेतलं नाही. पार घरापर्यंत तसेच गेलो. मला इतकं बरं वाटत होतं की लाज वाटत होती.

नळाचा दिवस सोमवारी. मावशींनी अर्धी बादली पाणी दिलं आणि दोन बादल्यांचं बोलणं दिलं. शर्ट बदलला, पण वास काही जाईना. शेअर रिक्षात माझ्या शेजारची दोन माणसं मध्येच उतरली. त्यांना तिथं उतरायचं नव्हतं असा माझा अंदाज आहे.

दादांकडं पोचलो तेव्हा साडेसहा झालेले. सगळे वह्या उघडून बसलेले. लॉ कॉलेजवाला नाक मुरडून जरा सरकला. दादा घड्याळाकडं बघून म्हणाले, "जय ख्रिस्त. करा सुरू."

मी वही उघडली. लाल मथळा, खाली दोन रेघा, सात लक्षणं. वही मिटली.

"आज सकाळी," मी म्हणालो, "आमच्या घरामागचे एक बाबा माझ्या दारात आले आणि म्हणाले, माझी मेंढी हरवलीय, शोधायला चल. मी त्यांना सांगितलं की मला वेळ नाही, मी हरवलेल्या मेंढराचा अभ्यास करतोय."

आधी एक पोरगी फिसकन हसली, मग सगळेच हसले. मी हसलो नाही. हळूहळू हसणं थांबलं. कुणी काही लिहून घेत नव्हतं. दादांनी चष्मा काढून हातात धरला होता, आणि मला वाटलं, आता त्यांचा तो प्रश्न येणार. तो आला, पण फार हळू आवाजात.

"मग? सापडली का मेंढी?"

"मेंढी तिची ती घरी आली, दादा," मी म्हणालो. "मला आणायला मात्र बाबांना जावं लागलं."