माऊस माझ्या सॅकमध्ये होता

भूत दिसल्याचं सांगणाऱ्याने आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा, असं मी चारचौघांत म्हणत आलोय. हिंजवडीत प्रोग्रॅमर आहे. काही बिघडलं की आधी लॉग उघडायचा, म्हणजे कॉम्प्युटरने ठेवलेली नोंद बघायची, ही सवय. पुढे जे लिहितोय त्याचाही लॉग मी उघडून पाहिलाय... म्हणून तर लिहावंसं वाटलं.

वाघोलीजवळ बाईक घसरली आणि माझ्या थोरल्या भावाची मान मोडली. दादा तेव्हा एकतीसचा. मानेखाली काहीच हलत नव्हतं. श्वासासाठी गळ्यात ट्यूब बसवली, त्यात आवाजही गेला.

मी एक जुना माऊस उघडला. त्याचं डावं बटण लांब वायरीने बाहेर काढून टेबल-लॅम्पच्या वाकणाऱ्या दांडीवर बसवलं आणि ती दांडी दादाच्या गालाशी आणली. स्क्रीनवर मराठी अक्षरं ओळीने उजळत जायची. हवं ते अक्षर आलं की त्याने गालाने बटण दाबायचं. गाणीही त्याच बटणावर लागायची. पहिल्या दिवशी वीस मिनिटं खपून त्याने लिहिलं — "चहात साखर कमी." आई रडता रडता हसायला लागली.

गळ्यातली ती 'ट्यूब' आणि लघवीच्या पिशवीला जाणारी ती 'नळी', हेसुद्धा त्यानेच ठरवून दिलं होतं. आमचा गोंधळ व्हायचा म्हणून.

पुढच्या वर्षी त्याला न्यूमोनिया झाला. आयसीयूत हलवलं. तिथे लॅपटॉपला जोडू, निदान बोलता तरी येईल, म्हणून मी माऊस काढून सॅकमध्ये टाकला. सिस्टरनी तो बघूनच हात जोडले. "अहो, इथे वायरी कमी आहेत का?" माऊस सॅकमध्येच राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या भेटीच्या वेळेला आत गेलो, तर दादाचा चेहरा लालभडक. कपाळावरून घाम ओघळतोय, डोळे विस्फारलेले, ओठ थरथरतायत. मी ओठ वाचायचा प्रयत्न केला. "ट्यूब? पाणी? दुखतंय का?" काहीच कळेना. मॉनिटरवर बीपीचा आकडा दोनशेच्या वर होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत चढत होता.

"तुम्ही बाहेर थांबा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. आवाज शांत होता, पण मला जवळजवळ ढकललंच.

बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. काचेतून फक्त लोकांच्या पाठी दिसत होत्या. एक इंजेक्शन झालं, दुसरं झालं. सिस्टर बाहेर आल्या तेव्हा विचारलं, "उतरतंय का?" त्यांनी नुसती मान हलवली — नाही. मला आठवतंय, मी तेव्हा देवाला नाही, त्या मॉनिटरला विनवत होतो.

तेवढ्यात मोबाइल वाजला. धायरीच्या घरून आई.

"अरे, कॉम्प्युटरवर काहीतरी येतंय."

"आई, प्लीज, आत्ता नको—"

"नळी असं आलंय. खाली परत नळी. आता तिसऱ्यांदा. तू तिकडून करतोयस का?"

घर सुनं वाटतं म्हणून ती दादाची गाणी लावून बसायची. तिला फक्त पॉवरचं बटण माहीत. ते दाबलं की माझा प्रोग्रॅम आणि गाणी आपोआप सुरू व्हायची. कीबोर्ड मी प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकलेला, कारण धूळ पुसताना तिच्याकडून कळा दाबल्या जायच्या. नेट कनेक्शन नव्हतंच. आणि माऊस माझ्या मांडीवरच्या सॅकमध्ये होता. मी चेन उघडून हात घालून पाहिलासुद्धा.

"नीट वाच. ट्यूब लिहिलंय का?"

"मला वाचता येतं! ट्यूब नाही, नळी. अरे, त्याची नळी बघ ना!"

मी दाराकडे धावलो. वॉचमनने हात आडवा घातला. त्याच्या हाताखालून घुसलो आणि ओरडलो, "मॅडम, त्याची लघवीची नळी बघा!"

"बाहेर व्हा आधी! पिशवीत लघवी आहे."

"एकदा बघा हो... पाया पडतो!"

सिस्टरनी चादर वर केली. सकाळी कूस बदलताना नळी मांडीखाली गेली होती आणि तिथेच मुरगळली होती. पिशवीत होती ती सकाळची लघवी. पोट हाताला दगडासारखं लागत होतं. नळी सरळ केली... आणि काही मिनिटांत आकडा घसरायला लागला. दोनशेच्या खाली, मग एकशे सत्तर.

नंतर मॅडम बाहेर आल्या. मानेची इजा असलेल्यांना मूत्राशय तुंबलं की बीपी असं भडकतं, म्हणाल्या. अजून थोडा उशीर झाला असता तर मेंदूत रक्तस्राव झाला असता. मग म्हणाल्या, "तुम्हाला कसं कळलं?"

"आईने सांगितलं."

"आई कुठे आहेत?"

"धायरीला."

त्या वळून परत आत गेल्या.

संध्याकाळी घरी गेलो. स्क्रीनवर एकाखाली एक अकरा वेळा 'नळी' होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. प्रोग्रॅम माझाच; प्रत्येक क्लिक वेळेसकट फाइलमध्ये लिहून ठेवणारा. फाइल उघडली. दादाला हलवलं त्या सकाळनंतर एकही क्लिक नव्हता. पुढचे दोन आठवडे मी वायरी हलवल्या, यूपीएस बंद-चालू केला, प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. ऑफिसमधल्या मित्रालाही दाखवला. क्लिकशिवाय अक्षर उमटायची वाटच त्यात नव्हती.

दादा घरी आल्यावर मी माऊस परत त्याच्या गालाशी बसवला. पाचव्या दिवशी विचारलं, "त्या दुपारचं काही आठवतं?"

त्याने गाल टेकवला. अक्षरं एकेक करून येत होती, मी शेजारी उभा होतो.

"जोरात ओरडत होतो. नळी नळी. तू समोर होतास. तुला ऐकू येत नव्हतं. म्हणून आईला हाक मारली."

आईला यात विशेष काही वाटत नाही. हाक आली, आपण ओ दिली, एवढंच ती म्हणते. मला मात्र आजही यातलं काही उलगडलेलं नाही. मी त्याच्या उशाशीच उभा होतो.