पंधरा दिवसांची मुदत आणि एक रॅम

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. पत्नीलाही नाही. दुसऱ्यांच्या विनंत्या आणि हरकती शब्दांत मांडण्यात ज्याची सत्तावीस वर्षं गेली, त्याला स्वतःची एक गोष्ट मांडायला आज चौथा कागद घ्यावा लागतो आहे — तीन फाडले. तिन्ही वेळा मायन्यातच अडखळलो. अर्ज असता तर ‘साहेबांचे सेवेशी’ लिहून मोकळा झालो असतो. हे कोणाच्या सेवेशी लिहू? म्हणून तुम्हाला सांगतो. तुमची माझी ओळख नाही, हे एका अर्थी सोयीचं आहे.

माझं शिक्षण नववीपर्यंतचं. तरीही कचेरीसमोर टेबल मांडून बसणाऱ्या आम्हा चौघा अर्ज लिहिणाऱ्यांत लोक मलाच ‘मास्तर’ म्हणतात. कारण माझा अर्ज परत येत नाही. त्रुटी नाही, शेरा नाही. ही बढाई नव्हे. ही वस्तुस्थिती आहे. आणि याच वस्तुस्थितीपायी — पण थांबा. क्रमाने सांगतो. क्रम चुकला की अर्जाचा जोर जातो.

आमच्या कामाची एक रीत आहे. कोणताही अर्ज आम्ही कोऱ्या पानावर सुरू करीत नाही. आदल्या कुटुंबाचा अर्ज संगणकावर उघडायचा आणि त्याच्यावरच नवी नावं घालत जायचं. मयताच्या जागी मयत, वारसाच्या जागी वारस. मजकूर तोच राहतो, माणसं बदलतात. कधी विचार केला नव्हता मी, की ही रीत किती भयंकर आहे.

आमच्या वालावलला खाडीकाठी राहणारे एक वृद्ध गृहस्थ वारले. मागे दोनच वारस — मुलगा अनंत आणि मुलगी शालन. अनंताचं कुडाळात स्वतःचं पक्कं घर. शालन चाळिशी उलटलेली, लग्न न झालेली. बापाचं शेवटपर्यंत तिनंच केलं होतं. खाडीकाठचं ते घर आणि मागची काजूची बाग, यांना वारस म्हणून दोघांची नावं लागायची होती. तिला राहायला दुसरी जागा नव्हती. हे मला ठाऊक होतं. ‘ठाऊक नव्हतं’ असं म्हणण्याची सोय मी ठेवू इच्छीत नाही.

अर्ज मी घरी, खाडीसमोरच्या पडवीतल्या संगणकावर टाइप केला. दोन्ही नावं घातली. तिसऱ्या पानावर यंत्र अडकलं. दोन जीबीची रॅम, जुनं यंत्र, ते अडकायचंच. बंद करून पुन्हा सुरू केलं, तेव्हा पडद्याच्या डाव्या बाजूस एक पट्टी आली — हरवलेली पानं परत हवीत का, असं विचारणारी. ती उघडली की यंत्र पुन्हा अडकत असे, म्हणून मी ती नेहमी ‘नंतर पाहू’ म्हणून मिटवीत असे. तशीच मिटवली. घाईने दुसऱ्या एका कुटुंबाचा अर्ज उघडला आणि त्याच्यावर अनंताचं नाव घातलं. त्या कुटुंबात वारस एकुलता एक होता. त्यामुळे माझ्या अर्जात त्यांचं वाक्य तसंच राहिलं — ‘उपरोक्त मयत यांस अर्जदाराखेरीज अन्य कोणीही वारस नाही.’

चूक एवढीच. चूक कोणाची होत नाही? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वर्षं विचारला, आणि दर वेळी मला बरं वाटलं. पण मला सांगायची आहे ती ही चूक नव्हे.

अनंत सही करायला आला. त्याने अर्ज वाचला. त्या वाक्याशी त्याचं बोट थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्याच्या बोटाकडे. त्याच क्षणी मला समजलं. “आसांदे, मास्तरांनू,” तो म्हणाला, “बरो लिवलास अर्ज.” आणि त्याने सही केली. मी काहीच बोललो नाही. बोललो असतो तर इतक्या वर्षांत प्रथमच माझी चूक गिऱ्हाइकाने माझ्या तोंडावर पाहिली असती.

नोटीस चावडीवर लागली. हरकत घेण्यास पंधरा दिवस. तिसऱ्या दिवशी शालन माझ्या पडवीत उभी होती.

“मास्तरांनू, नोटिशीत माजा नाव खंय आसा? माका गावला नाय.”

तुम्ही काय म्हणाला असता? मी म्हणालो — संगणकाची मेमरी कमी पडली, बाई. तुझं नाव यंत्राने गिळलं. मी नवी रॅम घालतो, मग पुरवणी अर्ज करू, एका ओळीत काम होईल. हरकत घेऊ नकोस; उगाच भावाशी वैर येईल. हे मी इतक्या गंभीरपणे सांगितलं, की ऐकताना मलाच ते पटलं. तिने मान हलवली. ‘मास्तर’ म्हणतात ना मला.

आणि मग मी रॅम निवडू लागलो.

कुडाळात विलासचं संगणकाचं दुकान आहे. त्याने विचारलं, डीडीआर-थ्री की फोर? दोन्हींची खाच निराळी, एकीची पट्टी दुसरीत बसत नाही. जुनी पट्टी काढून आणा. मी ती आणायला दोन दिवस घेतले. मग वेग कोणता, हा प्रश्न. मग जुन्या दोनशेजारी चारची बसवावी, की जुनी काढून आठची एकच? मग विलास म्हणाला, तुमची प्रणाली बत्तीस बिटांची असेल तर चारच्या वरचं तिला दिसणारच नाही, ते आधी बघा. मी तेही बघायला तीन दिवस लावले. मग माल कोल्हापूरहून यायचा होता. यातला एकही प्रश्न खोटा नव्हता. सगळे रास्त होते. रास्त प्रश्नांच्या आडोशाला माणूस किती दिवस उभा राहू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

विलासने मला एक गोष्ट न विचारताच सांगितली होती. “मास्तरांनू, रॅम म्हणजे टेबल. कपाट वेगळा. टेबल ल्हान आसला म्हणान कपाटातलो कागद कसो नायसो जायत?” म्हणजे नाव यंत्राने गिळलेलं नाही, हे मला आठव्या दिवशीच पक्कं ठाऊक झालं होतं. मी हसून म्हणालो, तरी आठची दे.

शालन रोज दुपारी यायची. पडवीतल्या बाकावर, माझ्या पाठीमागे बसायची. “इली काय मेमरी?” एवढंच विचारायची. यंत्र बंद असायचं. काळ्या पडद्यात मागची खाडी हलताना दिसायची आणि तिच्या पुढे शालन — न हलणारी. ती माझ्याकडे पाहत नसे. यंत्राकडे पाहत असे, घरातल्या आजाऱ्याकडे पाहावं तशी. एकदा उठून तिने डब्यावर पालथा हात ठेवला. “गरम आसा,” म्हणाली. यंत्र त्या दिवशी सकाळपासून लावलेलं नव्हतं. मी नंतर हात लावून पाहिला. मी काय सांगू? तो कोमट होता. ऊन तिथवर येत नाही.

माझ्या पत्नीला एवढंच ठाऊक होतं, की एक नाव राहिलं आहे. एके दिवशी ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, “तुमचा पेन काय खाडयेत पडला? एक नाव लिवक केदी मेमरी लागता?” शालन हसली. मीही हसलो. खिशाला पेन होता. साध्या कागदावर हाताने चार ओळींची हरकत लिहायला मला पाच मिनिटं लागली असती. मग का लिहिली नाही? कारण त्या चार ओळींत ‘मूळ अर्जात लेखकाच्या चुकीने’ हे शब्द आले असते. दुसरं कारण नाही.

पंधराव्या दिवशी सकाळी रॅम आली. आठ जीबी, हिरवी पट्टी, बोटाएवढी. विलासने येऊन बसवली आणि तो गेला. शालन नारळ घेऊन आली होती. म्हणाली, “सुरू करूच्या आधी गाऱ्हाणा घाला, मास्तरांनू. तुमची वाणी बरी.” गावात कोणाचं काही अडलं की देवाला गाऱ्हाणं घालतात, एकाने मागणं बोलायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा. पुष्कळदा लोक त्यासाठी मलाच बोलावतात. नाही कसं म्हणणार? मी हात जोडले.

“बा देवा महाराजा! आज ह्या मशिनाक जो काय अडथळो इलेलो आसात, तो दूर कर. आणि ह्या तुज्या लेकराचा जा नाव हरवला आसा, ता तेका परत गावांदे रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” शालन आणि माझी पत्नी एका आवाजात म्हणाल्या.

मी कळ दाबली. यंत्र कधी नव्हे इतक्या लवकर उठलं. अर्जाचं पान उघडताच डाव्या बाजूस ती पट्टी आली. हात माझाच होता, पण सवयीने ती मिटवण्याऐवजी त्याने ती उघडली. आणि यंत्र अडकलं नाही. पान आलं. माझा पहिला अर्ज, जसाच्या तसा. वारस क्रमांक एक, अनंत. वारस क्रमांक दोन, शालन.

मागितलं आणि मिळालं. मागणाऱ्याला ते नको होतं, एवढाच फरक.

सकाळचे अकरा वाजले होते. कचेरी सहापर्यंत उघडी असते. छापायला एक मिनिट. तो कागद तिच्या हाती दिला असता तर — पण त्या कागदावर हेही दिसलं असतं, की मास्तराने नाव घातलं होतं आणि मग मास्तरानेच वगळलं. मी पान मिटवलं. यंत्राने विचारलं, ठेवायचं का? मी ‘नको’वर दाबलं.

हा माझा गुन्हा. इतका वेळ मी याच्याच भोवती फिरत होतो.

मागून शालनने विचारलं, “गावला?”

“नाही,” मी म्हणालो. “पुरवणी अर्ज करू. आज घाई नको.”

ती उठून घरी गेली. तिला वाचता येत होतं. तिच्या बाकावरून पडदा दिसतो का, हे मी पुढे कित्येकदा त्या बाकावर बसून पाहिलं आहे. दिसतो.

मुदत संपली. नोंद मंजूर झाली. नंतरही अपील करता आलं असतं. तेही सांगणं माझंच काम होतं. अनंताने वर्षाच्या आत घर आणि बाग विकली. शालन नांदगावला मावसबहिणीकडे गेली.

त्यानंतर — हे लिहावं की नाही, माझं मलाच ठरत नाही. वारसांची नावं टाइप करताना ‘शा’ लिहिलं की यंत्र पुढे ‘शालन’ दाखवतं. सॉफ्टवेअर शब्द शिकून ठेवतं, हे विलासने मला समजावलं आहे. तो शब्द त्याने माझ्यासमोर काढून टाकला. पुढे तळेऱ्याच्या एका कुटुंबाचा वारस अर्ज मी केला. दोन मुलगे, विधवा आई. छापून त्यांच्या हाती दिला. म्हातारीचा मोठा मुलगा वाचता वाचता थांबला. वारस क्रमांक चार, शालन. मी हे लिहिलं नव्हतं. शपथ घेतो, लिहिलं नव्हतं. मी क्षमा मागू लागलो, तोच म्हातारीने माझा दंड धरला.

“ह्या नाव तुमका कोणी सांगला? आमचा चेडू सा महिन्याचा होऊन गेला. ह्या झिलांकासुद्धा म्हायत नाय.”

तिच्या गेलेल्या तान्ह्या मुलीचं नावही शालनच. हे नाव इकडे पुष्कळ घरांत असतं. योगायोग असेल. मी कागद बदलून दिला. पैसे घेतले नाहीत.

गेल्या महिन्यात शालन माझ्या पडवीत आली. केस पांढरे झाले आहेत. शिधापत्रिका वालावलहून नांदगावला बदलून घ्यायची होती. तिथले अर्जवाले असताना ती एवढ्या लांब माझ्याकडेच का आली, हे मी विचारलं नाही. मी पत्ता विचारला. तिने मावसबहिणीच्या घराचा सांगितला. मग म्हणाली, “मूळ घर म्हणान काय रकानो आसा काय तेच्यात?”

“नाही,” मी म्हणालो. रकाना खरोखरच नव्हता.

मी अर्ज छापून दिला. तिने तो उभ्याने वाचला, प्रत्येक ओळीखालून बोट फिरवीत. नावाशी बोट थांबलं. पडवीत आम्ही दोघंच होतो. मला तेव्हा सांगता आलं असतं. “बरोबर आसा,” ती म्हणाली, सही केली आणि पायऱ्या उतरून बसथांब्याकडे गेली. मी सांगितलं नाही.