टाका न घातलेलं भोक

कोटाला सिगारेटनं पडलेलं भोक रफूकाका असं बुजवत, की मालकालाही ते पुन्हा सापडू नये. त्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. बिनसाखरेच्या चहाला मात्र ते शिक्षा म्हणत आणि चोरून चमचाभर साखर घालून घेत. त्या साखरेनं शेवटी डाव साधलाच. आधी नजरेपुढे काळे धागे तरंगू लागले, मग उजवा डोळा पार झाकोळला. डाव्याचंही काही खरं नव्हतं.

काकांनी बायकोला ताकास तूर लागू दिली नाही. गिऱ्हाइकांना "उद्या या" सांगायचं आणि दिवसभर सुईशी झटापट करायची. एका काळ्या कोटावर तपकिरी दोरा चालवला गेला, तेव्हा कुठे ते डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ऑपरेशनचं घरी सांगितलं तर बायको नुसतं "बरं" म्हणाली. घाबरली बिचारी, असं त्यांना वाटलं.

"आत रक्त साकळलंय, काका," बाई म्हणाल्या होत्या. "सुईएवढी तीन भोकं पाडून ते काढायचं, मग पडद्याला लेझर. टाका एकही नाही."

काका खुर्चीतून पुढे सरकले. "टाका नाही? मग भोकं?"

"मिटतात आपोआप."

"बाई, भोक आपोआप मोठं होतं. जन्मभर तेच बघत आलोय."

बाई हसल्या. "डोळा म्हणजे कापड नव्हे. पण किती दिसेल, ते मी आज सांगू शकत नाही."

ऑपरेशनच्या वेळी भूल फक्त डोळ्याला दिली होती, भीतीला नाही. टेबलावर काका मुठी आवळून पडून राहिले. घरी येताना गाडीला गचका बसला की पट्टीवर हात धरत. टाक्याशिवाय डोळा टिकणार कसा? आणि डोळा गेला तर सुई गेली, मग उरलं काय?

दुसऱ्या दिवशी बाईंनी पट्टी सोडली आणि डावा डोळा हातानं झाकायला सांगितला. समोर नुसतं धुकं. मग हळूहळू खिडकीची चौकट उमटली, शेजारी उभी असलेली बायको दिसली, तिच्या निळ्या बाहीवरचा वेडावाकडा तपकिरी टाका दिसला.

"हे कुणी शिवलं गं?"

"मीच. झाले की बरेच महिने."

"मला का नाही दिलंस?"

ती बाही झाकत म्हणाली, "दिलं असतं, तर दिसत नाही, हे तुम्हाला कबूल करावं लागलं असतं."

काकांचे दोन्ही डोळे भरून आले.

"अहो, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही म्हणाल्यात ना बाई!" ती रागावली, आणि त्याच बाहीनं स्वतःचेही डोळे पुसू लागली.