बर्फाऐवजी गस्तीच्या बोटी

गेल्या वर्षी गावच्या मच्छीमार सोसायटीने माझा सत्कार केला. मी परदेशात नोकरी केली आणि एका मोडकळीला आलेल्या देशाचा किनारा सुरक्षित केला, असं मानपत्रात लिहिलं होतं. त्यातली नोकरी तेवढी खरी.

शेवटची काही वर्षं मी त्या देशातल्या आपल्या वकिलातीत होतो. सरकार राजधानीपुरतंच, पुढे ज्याच्या हाती बंदूक त्याचा अंमल. आपण मदत काय द्यावी, याचं टिपण माझ्याकडे होतं. बंदरात मासळी विकणारी एक बाई मला भेटायला आली. तिचं मागणं एकच, बर्फाचा कारखाना. दुपारपर्यंत अर्धी मासळी नासते, पोरं पोटासाठी टोळ्यांत जातात, असं ती म्हणाली. मी काशीदजवळच्या कोळ्याचा मुलगा, मला ते पटवून द्यायची गरज नव्हती. तरी मी लिहिलं, आधी किनाऱ्यावर सरकारचा ताबा हवा, बाकीचं मागाहून. दिल्लीला हेच वाचायचं होतं.

गस्तीच्या बोटी गेल्या. टोळ्यांना त्यांचा काही त्रास झाला नाही. बंदरातले लोक विरोधकांचे, म्हणून तिथल्या सरकारने त्याच बोटींनी त्यांना समुद्र बंद केला. ती बाई पुन्हा फाटकाशी आली. मी खिडकीतून पाहिलं आणि पहारेकऱ्याला सांगितलं, साहेब नाहीत म्हण.

सत्काराच्या आदल्या दिवशी हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. तोच सोसायटीचा चेअरमन. उद्या भाषणात बोलणार आहे, म्हणालो. त्याची आई, माझी वहिनी, तिथेच बोंबील वाळत टांगत होती.

"काका, उद्याच्या पाहुण्यांच्या सहीवर आपल्या सोसायटीचा बर्फ कारखाना अडलाय," पुतण्या म्हणाला. "त्यांना तुमच्या त्या बोटींचं भारी कौतुक. उगाच काही बोलू नका."

वहिनीने वळूनही पाहिलं नाही. "भाऊजी, इतकी वरसं गप ऱ्हायलात, आजून थोरं ऱ्हावत न्हाय? बर्फ येऊ द्या, मंग बोला काय ते."

"आणि त्या बाईचं काय, वहिनी?"

"तिला न्हाय मिलला म्हनून आमाला पन नको का?"

दुसऱ्या दिवशी मी शाल घेतली. पाहुणे म्हणाले, आधी राज्य टिकलं पाहिजे, मग माणसांचं बघता येतं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मंजुरी मिळाली. भिंती उभ्या राहिल्या आहेत, यंत्रं अजून यायची आहेत. आता कारखान्याला माझं नाव द्यायचं घाटतंय. ते देऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिलं.

काल पुतण्याला वाचायला दिलं. कागद परत देत तो म्हणाला, "उद्घाटन होऊन जाऊ दे काका, मग छापा."

मी ते आजच छापायला पाठवतो आहे. वहिनीला अजून सांगितलेलं नाही.